जुन्या गाडीचा खोडवा : घरच्या घरी देखभाल

(शेतकी विभागाकडून सभासदांसाठी)



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. मात्र तो वाटतो तितका उसापासून लांब नाही, हे लेख वाचून झाल्यावर आपल्या ध्यानात येईल.

गट ऑफिसला तोडणीच्या नोंदी पाहायला बसलो की दारात लागलेल्या गाड्या दिसतात. त्यांत दोन-चार तरी मारुती ८०० असतात. कुणी थोरल्या भावाकडून घेतलेली, कुणी शहरातल्या पाव्हण्याकडून स्वस्तात आणलेली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीच्या किल्ल्या देण्यात आल्या, आणि जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन बंद झाले. म्हणजे त्यांतली सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे, आणि वस्तीवर दिसतात त्या बहुतेक वीस-पंचवीस वर्षांच्या. ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन, बांधणी साधी, भाग ओळखीचे. घरी हात घालता येईल अशी ही गाडी आहे.

आम्ही अशा गाडीला खोडवा म्हणतो. लागणीचा खर्च कधीच फिटलेला असतो, पीक फुकटात आल्यासारखे वाटते आणि म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. वेळेवर बुडखे छाटले, पाचट कुजवले, खत दिले तर खोडवा लागणीच्या बरोबरीने वजन देतो. नाही तर दुसऱ्याच वर्षी मोडावा लागतो. जुन्या गाडीचे तंतोतंत असेच आहे.

आमचीच चूक आधी सांगतो

आमच्याकडे १९९७ सालची, कार्बोरेटरची मारुती आहे. जानेवारी २०२४ मध्ये हंगाम जोरात होता. आमची फिरती मोटारसायकलवर चाललेली, त्यामुळे गाडी दीड महिना वस्तीवर शेडमध्ये उभी होती. एका रात्री वडिलांना दम लागला. चोक ओढून गाडी सुरू केली, वडिलांना मागे बसवले आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालो. चारेक किलोमीटर गेल्यावर फाट्याजवळ पेट्रोलचा वास यायला लागला. आधी वाटले, चोकमुळे येत असेल. वास वाढला तशी गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली आणि बॉनेट उघडले. मोबाइलच्या उजेडात दिसले ते असे: पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा रबरी पाइप तोंडाशी चिरला होता, आणि तिथून पेट्रोल थेंबथेंब तापलेल्या इंजिनावर पडत होते.

वडिलांना आधी खाली उतरवून लांब बसवले. शेजारच्या वस्तीवरच्या तात्यांना फोन केला. ते जीप घेऊन आले आणि वडील वेळेवर दवाखान्यात पोचले. आज ते बरे आहेत. पण ती पंचवीस मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी नवा पाइप आणला, त्याला दोनशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. सभासदांना "वेळेवर करा, वेळेवर करा" असे सांगत गावोगाव फिरणारे आम्ही, आणि आमच्याच गाडीचा पाइप कित्येक वर्षांत हात लावून पाहिला नव्हता. म्हणून हा लेख.

इथेनॉलचा हिशेब

मध्यंतरी एक सभासद गट ऑफिसला तावातावाने म्हणाले, "साहेब, तुमच्या इथेनॉलनं माझ्या गाडीची वाट लावली." आम्ही म्हणालो, "अण्णा, इथेनॉल तुमच्याच उसाचं आहे. पण तुम्ही म्हणता त्यात खरं किती आणि खोटं किती, ते बसून पाहू."

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये काही राज्यांत सुरू झाला. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशभरचे मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. २० टक्क्यांना टिकतील असे रबर आणि धातू वापरलेल्या गाड्या मात्र एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. आपली जुनी गाडी या पेट्रोलसाठी बनवलेली नाही, हे मान्य केले पाहिजे.

आता ॲव्हरेजचे पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी उष्णता असते, तिच्या साधारण दोन-तृतीयांश एक लिटर इथेनॉलमध्ये असते. पाचातला एक भाग इथेनॉल धरला तर लिटरमागे उष्णता ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. १६ किलोमीटर देणारी गाडी १५ देईल. म्हणजे अण्णांची तक्रार लिटरमागे एका किलोमीटरपुरती खरी. त्यांची गाडी १६ वरून ११ वर आली होती. ते इथेनॉलचे काम नव्हे. तपासले तेव्हा मागच्या एका चाकाचा ब्रेक धरून बसला होता, टायरांत हवा कमी होती आणि हवेचा फिल्टर मातीने गच्च भरला होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केले तर एका टनामागे साधारण ७० लिटर मिळते. आपली गाडी वर्षाला ५,००० किलोमीटर चालली, १५ चे ॲव्हरेज पडले, तर ३३३ लिटर पेट्रोल लागेल. त्याचा पाचवा भाग म्हणजे ६७ लिटर इथेनॉल. थोडक्यात, वर्षाला जवळजवळ एक टन ऊस आपलीच गाडी पिते. तेव्हा इथेनॉलला शिव्या देऊन आपल्याला चालणार नाही, आणि गाडीकडे डोळेझाक करूनही चालणार नाही. ज्याचा ऊस त्यात जातो, त्याने तरी आपल्या गाडीचे रबर वेळेवर बदलावे.

पहिले काम : पेट्रोलची लाइन

जुन्या काळचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते आणि वाळले की चिरते. म्हणून पुढील भाग क्रमाने पाहावेत.

१) रबरी पाइप. टाकीपासून पंपापर्यंत, पंपापासून कार्बोरेटरपर्यंत आणि परतीचा, असे सगळे पाइप बोटांनी दाबून, वाकवून पाहावेत. वाकवल्यावर केसासारख्या भेगा दिसल्या, पाइप चिकट लागला किंवा फुगलेला दिसला तर तो बदलावा. नवा घेताना "इथेनॉलला चालणारा द्या" असे स्पष्ट सांगावे. पाइपवर एसएई जे ३० आर ९ असा छाप असेल तर उत्तम. जुन्या पाइपचा तुकडा दुकानात मापाला न्यावा. क्लिपाही नव्या घालाव्यात. तारेने आवळून बांधलेला पाइप आम्ही बऱ्याच गाड्यांत पाहिला आहे. ती तारच पाइप कापते.

२) पेट्रोल फिल्टर. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून आणते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. ठिबकचा फिल्टर चोंदला की शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही, तसे चढाला गाडी दम सोडते. फिल्टर स्वस्त आहे. वर्षातून एकदा बदलावा.

३) पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची नीडल. पंपाखाली ओल दिसली किंवा कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहू लागले तर हे भाग गेले असे समजावे. कार्बोरेटर किट बाजारात मिळते. ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही, त्याने पहिल्या वेळी मिस्त्रीच्या शेजारी बसून करावे.

४) उभी गाडी. इथेनॉल हवेतली ओल ओढते. टाकी रिकामी असेल तर आत हवा जास्त, म्हणून ओलही जास्त, आणि मग टाकीला आतून गंज धरतो. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवावी आणि आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर फिरवून आणावी.

हे काम करताना इंजिन थंड असावे, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असावी, जागा मोकळी असावी आणि जवळपास कुणाच्या तोंडात बिडी नसावी. २००० सालच्या सुमारास फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांच्या लाइनमध्ये पेट्रोल दाबाखाली असते. ती घरी उघडू नये. नुसती पाहणी करावी आणि बदलायचे काम गॅरेजमध्ये द्यावे.

प्लग काय सांगतो

पान पिवळे पडले की आपण नत्र कमी आहे असे ओळखतो. प्लगचेही असेच वाचता येते. गाडी दहा किलोमीटर चालवून आणावी, थंड होऊ द्यावी आणि तिन्ही प्लग काढून ओळीने कागदावर ठेवावेत. कोणता कुठला ते लिहून ठेवावे. टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळते आहे. चोक अडकला आहे का आणि हवेचा फिल्टर कसा आहे ते पाहावे. ओलसर, तेलकट काळे असेल तर इंजिन ऑइल वर येते आहे. पांढरे फटक असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

हा पांढरेपणा आता जास्त दिसू लागला आहे. इथेनॉलच्या अंगात प्राणवायू असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. कार्बोरेटरला हे कळत नाही; तो पूर्वीच्याच मापाने हवा देतो. मग गाडी सकाळी खोकते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर अडखळते. अशा वेळी आयडलिंगच्या मिक्स्चर स्क्रूला थोडे, पाव आट्याने, सोडून पाहता येते. आधी स्क्रू किती आटे उघडा आहे ते मोजून वहीत लिहावे, म्हणजे चुकले तर परत येता येईल. नंतर पीयूसी काढून घ्यावी. त्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापून येतो, आपला अंदाज बरोबर की चूक ते तिथेच समजते.

पाणी, तेल आणि ब्रेक

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. ज्या पाण्याने ठिबकच्या तोट्या चोंदतात आणि आपल्याला ॲसिड सोडावे लागते, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत काय करीत असेल याचा विचार करावा. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचेच मिश्रण घालावे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. तोंड भाजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

इंजिन ऑइल ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, फिल्टरसह बदलावे. गाडी चालली नाही म्हणून तेल चांगले राहिले असे होत नाही. काढलेले काळे तेल पाटात किंवा ओढ्यात सोडू नये, डब्यात साठवून गॅरेजमध्ये द्यावे.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. तेही ओल ओढते. ओल धरलेले ऑइल घाटात तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल खाली जाते. हे काम घरी करायचे तर दोन माणसे लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. खात्री नसेल तर गॅरेजमध्येच करावे. ब्रेकवर शिकू नये.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये. घोडी लावावी आणि दोन्ही चाकांना दगडाची ओट द्यावी.

टायमिंग बेल्ट रबरी असतो. गाडी जुनी घेतली असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर विचार न करता मिस्त्रीकडून बदलून घ्यावा. टायरचेही वय पाहावे. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी जुनाट, भेगाळलेला टायर रस्त्यावर नेऊ नये.

गंज आणि उंदीर

शेतकऱ्याच्या गाडीचे हे दोन खास शत्रू आहेत. शहरातल्या पुस्तकात ते सापडणार नाहीत.

डिकीत खताची पोती आपण सगळेच नेतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे एक प्रकारचे मीठच. पोते गळाले, त्यावर ओल आली, की पत्रा वर्षभरात खाल्ला जातो. पोत्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरावे आणि घरी आल्यावर डिकी झाडून, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. तणनाशकाचे डबे तर माणसे बसतात त्या गाडीतून नेऊच नयेत.

पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल चाकांच्या वरच्या खोबणीत साठतो आणि आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मोटरच्या पाण्याने खालून धुवावे. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करावीत. पायाखालचे मॅट उचलून पाहावे. गंजाचा फोड दिसला तर पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा, वाळल्यावर रंग लावावा. रुपयाएवढा असताना अर्ध्या तासाचे काम. हाताएवढा झाला की पत्रा कापावा लागतो.

ऊस तुटला की रानातले उंदीर बाहेर पडतात आणि वस्तीकडे येतात. बॉनेटखाली त्यांना ऊब मिळते. ते पाचटाचे घरटे करतात आणि वायरी कुरतडतात. वाळलेले पाचट आणि तापलेले इंजिन, पुढे काय होते ते सांगायला नको. तोडणीच्या दिवसांत रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावे. शेडमध्ये गाडीजवळ पेंड, मका, सरकी ठेवू नये. गाडी पाचटाच्या ढिगावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नये. सायलेन्सरने ते पेटू शकते.

हौस करावी, पण बेताने

तरुण सभासदांना गाडी सजवायची हौस असते. ती असावी. पण कायदा आणि गाडीचा जीव, दोन्ही सांभाळावेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. रंग बदलायचा असेल तर आर.टी.ओ.कडे नोंद करावी लागते. सायलेन्सर फोडून आवाज काढणे, पुढे लोखंडी गार्ड लावणे, हे करू नये.

मोठी चाकेही लावू नयेत. मूळ १४५/७० आर १२ टायरचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर असतो. १५५/६५ आर १३ घातला तर तो ५३२ होतो. म्हणजे काटा ६० दाखवील तेव्हा गाडी जवळजवळ ६३ ने चाललेली असेल, आणि छोट्या इंजिनाला चढाला ओझे होईल ते वेगळेच.

आम्ही स्वतः एकच बदल केला आणि तो फार उपयोगी पडला. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा प्रवाह खटक्यातून जातो. दोन दिव्यांचे ११० वॅट, १२ व्होल्ट, म्हणजे ९ अँपिअरच्या वर. पंचवीस वर्षांची बारीक वायर आणि झिजलेला खटका यांत व्होल्टेज पडते आणि दिवे मिणमिणतात. लोक मग १०० वॅटचे बल्ब घालतात. त्याने खटका वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. त्यापेक्षा फ्यूज आणि रिले असलेली तयार वायरिंग घ्यावी. मूळ वायर न कापता ती बसते. बल्ब मूळचेच, ६०/५५ वॅटचे ठेवावेत. रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, तेव्हा या उजेडाची किंमत कळते. आणि ट्रॉलीला मागे तांबडे रिफ्लेक्टर लावा, ही आमची नेहमीची विनंती आहेच.

वर्षाचे वेळापत्रक

मे अखेर : वायपरची पाती, दरवाजांची भोके, गंज, टायर, हेडलाइट.

खंडेनवमी : गाडीला झेंडूचा हार घालण्यापूर्वी पेट्रोलचे सर्व पाइप, क्लिपा आणि फिल्टर तपासावेत. इंजिन ऑइल बदलावे.

हंगामभर : दर रविवारी पाच मिनिटे. ऑइलची मापपट्टी, कूलंट, ब्रेक ऑइल, टायरची हवा, उंदराचे घरटे. बॉनेट उघडल्या उघडल्या नाकाने वास घ्यावा.

पाडवा : पुन्हा इंजिन ऑइल, प्लग, हवेचा फिल्टर, बॅटरी. बॅटरीत शुद्ध पाणीच घालावे.

१५ वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी पुढे वाढवून घ्यावी लागते. त्याची तारीखही याच वेळापत्रकात लिहून ठेवावी.

यासाठी एक शंभर पानी वही करावी. तारीख, किलोमीटर, काय केले, किती खर्च झाला. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. ॲव्हरेज दोन वेळा ओळीने घसरले तर कुठे तरी दुखते आहे असे समजावे.

एवढे करूनही गाडी मोडायची वेळ कधी तरी येईलच. खोडवाही कायमचा ठेवता येत नाही. चॅसिसचा पत्रा खालून कुजला, ब्रेक पुन्हा पुन्हा जाऊ लागला, की मोह सोडावा. पण दोनशे रुपयांच्या पाइपासाठी घरचे माणूस रस्त्यात बसवायची वेळ कुणावर येऊ नये. हा अंक वाचून झाला की उठावे, बॉनेट उघडावे आणि तो पाइप एकदा बोटांनी दाबून पाहावा, एवढीच विनंती.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी